पाच घरची लोकर

पनवेलमध्ये लोकरीचं पांघरूण विणायला बसलेली बाई त्या काळी मी एकटीच असेन. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, मी लग्न होऊन पुण्याहून तिथं आले होते. पनवेलची थंडी ती काय, मार्गशीर्ष-पौषात पहाटे खाडीवरून वारा सुटायचा तेवढीच. उन्हं वर आली की माणसं पुन्हा उघड्या अंगानं ओट्यावर. आमचे हे कचेरीत कारकून. माझ्या हातात सुया बघून म्हणाले, "विण खुशाल, पण उन्हाळ्यात माझ्या अंगावर टाकू नकोस म्हणजे झालं."

कशासाठी विणते आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरं जन्मलं आणि सटवाईच्या पूजेपर्यंतही थांबलं नाही.

आमच्यात रीत अशी, की बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही म्हणून करायचं नाही. दुपटं नाही, झबलं नाही. जुन्या लुगड्याच्या मऊ चिंध्या मिळतातच वेळेवर. दोन्ही वेळा भेटायला आलेल्या बायका माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "बरं झालं बाई, काही करून ठेवलं नव्हतंत." त्या 'बरं झालं'चा मला असा संताप यायचा की काय सांगू. माझी दोन बाळं येऊन गेली आणि त्यांची म्हणून एक चिंधी माझ्या घरात नव्हती. या खेपेला मी ठरवलंच होतं. गणपती गेल्यावर ह्यांना मुंबईहून पांढरी लोकर आणायला लावली. सुलट-उलट टाके मला शाळेपासून येत होते.

सासूबाईंनी दोन बोटं विणलेलं पाहिलं.

"हे काय?"

"घरासाठी पांघरूण."

"घराला एवढंसं पांघरूण?"

त्यांनी लोकर उचलली आणि फडताळात ठेवून दिली. त्या रात्री मी भरल्या पानावरून उठले. मला राग आला की लपवता येत नाही, अजूनही येत नाही. पुढं काही दिवस आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात भांड्यांशी बोलत होतो.

सासूबाईंचा ताठा गावाला माहीत होता. विरजण संपलं तर त्या शेजारी वाटी न्यायच्या नाहीत, त्या दिवशी सगळ्यांनी ताकावाचून जेवायचं. माझं लग्न ठरलं तेव्हाही, आमच्याकडून काही मागायची वेळ आली तशा त्या उठून देवघरात गेल्या होत्या, असं माझे वडील कौतुकानं सांगत. त्या सासूबाई एका दुपारी ठेवणीतलं लुगडं नेसल्या, हातात पिशवी घेतली आणि कुठं जाते ते न सांगता बाहेर पडल्या.

परत आल्या त्या घामाघूम. पिशवी माझ्यापुढं ठेवली. आत डॉक्टरांच्या घरचा कसरीनं खाल्लेला स्वेटर होता, मास्तरीणबाईंचा गळपट्टा होता, आणि एक दणकट निळी जर्सी.

"विकतचं चालायचं नाही," त्या म्हणाल्या. "ज्या घरी पोर टिकत नाही तिथं मागून आणलेलं चालतं. पाच घरचं. तीन झाली."

जर्सी आमच्या मागच्या मोहल्ल्यातल्या मुसलमान शेजारणीची. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी. सासूबाई तिच्या दारात उभ्या राहून काय बोलल्या असतील ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं. "काकींनी पदर पसरला हो," ती म्हणाली. "मी म्हटलं, काकी, मागता कशाला, हक्कानं न्या. मी दुआ करते."

चौथं घर दुसऱ्या दिवशी आपणहून दाराशी आलं. करंजा गावची एक कोळीण आमच्याकडं मासळी घेऊन यायची. बोंबील निवडता निवडता सासूबाईंनी तिलाही विचारलं. ती हसली.

"आमच्याकं कुठली आलीय लोकर, काकी? आमच्या मानसाची कानटोपी हाय एक, मासे माराया होरीवर जाताना घालतो ती. चालंल?"

"चालेल," सासूबाई म्हणाल्या.

"मंग पुढच्या खेपंला आनते. पन तिला वास हाय, नंतर बोलू नका."

पाचवं घर माझ्या माहेरचं, पुण्याहून भावानं त्याचा जुना स्वेटर पाठवला. सगळं आम्ही दोघींनी उसवलं. मी धागा ओढायची, सासूबाई दोन्ही हात पुढं करून बसायच्या आणि त्यांच्या मनगटांवर लड चढत जायची. लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि धाग्यातले वळ जावेत म्हणून खाली पाण्याची लोटी बांधून परसात दोरीवर टांगली. कानटोपीचा वास रिठ्याला बधला नाही. हात बांधलेले असले की माणूस बोलतं. सासूबाई मला त्यांच्या माहेरच्या मिठागरांच्या गोष्टी सांगायला लागल्या आणि आमचा अबोला कधी सुटला ते कळलंही नाही.

मात्र एक अट त्यांनी घातली. "चौकोन विण हवे तेवढे. जोडायचे नाहीत. जोडलं की पांघरूण झालं, आणि बाळ हातात आल्याशिवाय पांघरूण होता कामा नये."

मी कबूल केलं. निळे, करडे, तांबडे चौकोन पिशवीत साठत गेले.

आठवा महिना लागला. मी बोटांवर मोजत दिवस काढत होते. एका सकाळी उठले आणि पोटात काही हालचालच नाही. पाणी प्यायले, कूस बदलली, गूळ खाल्ला. काही नाही. गेल्या खेपेचं, त्याच्या आधीचं, सगळं माझ्या अंगावर आलं. मी सुया काढून ठेवल्या आणि पिशवी सासूबाईंपुढं सरकवली.

"ज्याचं त्याला परत देऊन टाका, आई."

त्यांनी आधी ह्यांना दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणायला पिटाळलं. मग गोधडीची सुई आणि जाडा दोरा घेऊन माझ्या उशाशी येऊन बसल्या, पिशवी मांडीवर उपडी केली आणि दोन चौकोन एकमेकांना लावून टाका घातला.

"आई, जोडायचं नव्हतं ना?"

"मीच सांगितलं होतं, मीच मोडते." त्यांनी दोरा ओढला. "दोनदा काही करून ठेवलं नाही. काय वाचलं त्यानं?"

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत, मान खाली घालून शिवत राहिल्या. दार सताड उघडं होतं, रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांना सगळं दिसत होतं, आणि त्यांनी ते लोटलं नाही.

नर्सबाई आल्या. पोटावर लाकडी नळी टेकवून, कान लावून बराच वेळ बसल्या. सासूबाईंची सुई थांबली. मग नर्सबाई म्हणाल्या, "ठोके छान आहेत. झोपलंय पोर तुमचं."

"झोपू दे," सासूबाई म्हणाल्या आणि पुढचा चौकोन घेतला.

पौषात मुलगी झाली. किरकोळ, पण आवाज असा की ओट्यावर ऐकू गेला. पहाटेच्या गारठ्यात तिला त्याच पांघरुणात गुंडाळलं. ह्यांनी तिला जवळ घेतलं, हुंगलं आणि म्हणाले, "हिला बोंबलाचा वास येतोय." पोर जगलं, धडधाकट झालं, आणि मासे तिला अजून फार आवडतात.

ते पांघरूण मात्र कधी सपाट पसरलं नाही. अर्ध्या भागातले टाके इतके आवळलेत की लोकर चुरगळून गोळा झाली आहे. उरलेला अर्धा भाग सरळ, मोकळा. मध्यंतरी मुलगी म्हणाली, "आई, हे उसवून नीट जोडून देऊ का?"

मी नको म्हटलं. नर्सबाई येण्याआधीचे टाके कुठं संपतात आणि नंतरचे कुठं सुरू होतात, ते मला अजून बोटांनी कळतं.