परक्या कंपनीचे कान

मी लिनक्सवाला. मंगरूळपीरला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला, तो विचारो न विचारो, मशीनवर लिनक्स ही कोणालाही उघडून बघता येणारी फुकट प्रणाली टाकून घे असं मी सांगतो. गिऱ्हाईक कंटाळतं, पण मी सोडत नाही. जे मशीन आपल्याला उघडून बघता येत नाही ते आपलं नव्हे, हे माझं मत. घरचे याला माझं कीर्तन म्हणतात. ज्या कंपनीचे महागडे फोन आणि लॅपटॉप सगळीकडून बंद असतात, तिला तर मी इतकी वर्षं नावं ठेवली की तिची वस्तू आमच्या घराचा उंबरा ओलांडेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

ती आली बाबांच्या कानांमुळे. बाबांना ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं आणि शेवटी त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, असं होऊन बसलं. ओरडून माणूस कामापुरतंच बोलतो. "जेवता का?" आणि "मोटर बंद केली का?" यापलीकडे घरात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी कानात घालायची यंत्रं दिली आणि ती त्याच कंपनीच्या फोनशी नीट जुळतील असं सांगितलं. पुण्याच्या बहिणीनं आपला जुना फोन बाबांना देऊन टाकला. त्याच सुमारास माझ्या लॅपटॉपनं मान टाकली होती, म्हणून तिचा जुना लॅपटॉपही माझ्याकडे आला. तोही त्याच कंपनीचा. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी मुकाट्यानं दोन्ही घेतले.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. कॉपी करायला माझी करंगळी सवयीनं जिथे जायची तिथे काहीच होत नव्हतं. ते काम या लॅपटॉपवर अंगठ्याजवळच्या बटणाकडे होतं. पान वर सरकवावं तर खाली जायचं. बाबांची भजनं फोनमध्ये टाकायला साधी वायर लावली, तर फोन आत हात घालू देईना. आपल्याच हातातल्या वस्तूला परवानगी मागायची, याचा मला संताप यायचा. बाबा माझी आदळआपट बघत होते.

"डावीकडचा बैल उजवीकडे जुतला का अडखळतेच," ते म्हणाले. "त्याले मारून काई फायदा नसते."

मग एक दिवस त्या लॅपटॉपमध्ये आज्ञा टाइप करायची खिडकी सापडली. लिनक्सवरच्या माझ्या रोजच्या आज्ञांपैकी बऱ्याच तिथे चालल्या. परगावी गाववाला भेटावा तसं वाटलं. मला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःचा थोडा रागही आला.

बाबांना असला काही त्रास झाला नाही. त्या फोनात एक सोय आहे. फोन बोलणाऱ्यापुढे ठेवायचा आणि आपण थोडं लांब बसायचं. समोरच्याचा आवाज थेट आपल्या कानातल्या यंत्रात येतो. ती सोय मीच त्यांना चालू करून दिली. देवळात भजनाला ते फोन गाणाऱ्यांच्या पुढ्यात ठेवू लागले. "आता टाळ वेगळा अन् माणूस वेगळा आयकू येते मले," असं त्यांनी आल्यावर सांगितलं. ते पुन्हा चार माणसांत बसायला लागले. दुकानात मी त्या कंपनीबद्दल जरा जपून बोलू लागलो.

पण घरात आईही होती. आई स्वयंपाक करता करता एकटीच बोलते. बहुतेक बाबांबद्दल, आणि त्यांना ऐकू येत नव्हतं तेव्हा तर त्यांच्या देखतसुद्धा. त्या बोलण्यात एक गोष्ट हटकून यायची. तिचे वडील मानोऱ्याकडच्या त्यांच्या गावी आजारी पडले तेव्हा आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, चालू होती. ती म्हणाली, मला जाऊ द्या. बाबा म्हणाले, सोंगणी झाली की जाऊ. सोंगणी झाली आणि दोघं गेले, तेव्हा तिचे वडील राहिले नव्हते. त्यावरून ती बाबांशी कधी भांडली नाही. त्या काळी घरात तिचा आवाज निघतच नसे. पुढे सासूसासरे गेले, वय झालं, आई बोलायला लागली, आणि तोवर बाबांचे कान गेले होते. मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मला ती ऐकूच येईनाशी झाली होती.

एका संध्याकाळी दुकानातून आलो तर बाबा अंगणात बाजेवर पाठमोरे बसलेले. दोर वळायला घेतला होता, पण हात थांबले होते. मी गाडी लावली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. आत गेलो. आई गॅसपाशी उभी राहून बोलत होती, सोंगणी, मानोऱ्याची गाडी, सगळं ओळीनं. मिक्सरच्या शेजारी बाबांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. भजनात चालू केलेली ती सोय तशीच चालू होती.

या कंपन्या आपलं ऐकतात, असं जगाला सांगत फिरणारा मी, आणि माझ्याच आईचं ऐकणारं यंत्र तिच्या ओट्यावर मीच बसवलं होतं.

"आई, थांब," मी म्हणालो. "बाबा आयकून राह्यले."

"कुठी हायेत ते?"

"अंगणात. पण तू इथं बोलतेस ते ह्या फोनातून त्यांच्या कानात जाते."

तिनं गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बाबांची पाठ हलली नव्हती.

"कवापासून?"

"आज जे बोललीस ते सारं आयकलं असंल. बंद करू का?" मी बोट फोनपाशी नेलं. मला खरंच ते बंद करून टाकायचं होतं. या दोघांच्या आयुष्यात इतकं आत शिरायचा मला काय अधिकार, असं वाटत होतं.

"राहू दे," आई म्हणाली. तिनं माझा हात बाजूला केला आणि फोन स्वतःकडे ओढला. "कुठी बोला लागते?"

मी खालची बारीक छिद्रं दाखवली. ती वाकली. इतका वेळ बाबांबद्दल बोलताना ती 'हा माणूस' म्हणत होती, आता थेट त्यांच्याशी बोलली.

"आयका," ती म्हणाली. "सोंगणी आठ दिवस थांबली असती. माह्या बापाचं तोंड तरी पाहाले भेटलं असतं मले."

ती खिडकीकडे वळली. मी तिथून निघावं की थांबावं हे न कळून उभा राहिलो.

"थांबली असती," बाहेरून बाबा म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं. शेजारच्यांनाही ऐकू गेलं असेल. "थांबली असती. माह्यं चुकलं."