दोन्ही गोल विजूचे

विजूची बातमी आली तेव्हा मी इथे ऑकलंडमध्ये, अल्बनीच्या मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत सामान ठेवत होते. फोनवर रेवती होती, विजूची मुलगी. ती इथेच लहानाची मोठी झाली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायची ते इंग्रजीतच. त्या दिवशी मात्र मराठीत बोलली. "मावशी, आई गेली." आणि मी तिला विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं मी असं. पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कळलं... सकाळची ड्युटी संपवून विजू वॉर्डाच्या लॉकर रूममध्ये बूट बदलायला बाकावर बसली आणि तशीच कलंडली. भोवती सगळ्या नर्सच होत्या, तीस तीस वर्षं हेच काम केलेल्या. त्यांनी करायचं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही.

याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मला एका जागी बसवत नाही. भाजी चिरता चिरता उठते, दारापर्यंत जाते, कशाला आले ते आठवत नाही म्हणून परत येते. ऑफिसला जाताना बसगाड्यांच्या नव्या राखीव रस्त्यावरची बस धरते आणि दोन थांबे आधीच उतरून चालत सुटते. दुःख असं असतं का, मला माहीत नाही. मला वाटतं, हे दुसरंच काहीतरी आहे. ती जायच्या दहा दिवस आधी तिचा फोन आला होता. "वंदे, यादी पाठवायची हाय आता. तेवढं तुझं सांग की." मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. मीटिंग वगैरे काही नव्हती. मी घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि नंतर मी फोन केला नाही.

कसली यादी, हे सांगायचं तर कोल्हापूरला जावं लागेल. आमच्या कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम होती, हे आज त्या कॉलेजातही कुणाला खरं वाटत नाही. जेमतेम तीन वर्षं टिकली ती. गावाला फुटबॉलचं वेड, सामन्याच्या दिवशी पेठांच्या पेठा मैदानावर लोटायच्या, पण ते सगळं पुरुषांचं. आमच्या खेळाच्या कदमबाईंनी कुठून कोण जाणे हट्ट धरला आणि अकरा मुली गोळा केल्या. त्यातली मी एक. धावायला बरी होते, म्हणून राइट हाफ. मैदानाला लागून नर्सिंगच्या मुलींचं वसतिगृह होतं आणि तिथून एक मुलगी रोज संध्याकाळी आमच्यात खेळायला यायची. ती विजया माने. ती आमच्या कॉलेजची नव्हतीच. पण पेठेत चार भावांबरोबर खेळून मोठी झालेली. तिच्या पायात बॉल आला की आम्ही बघतच राहायचो. अंगानं किरकोळ, पण वळायची अशी की अंगावर गेलेली मुलगी पुढे निघून जायची आणि ही जागच्या जागी उभी. कदमबाई हळहळायच्या, "ही पोरगी आपल्या हजेरीपटावर असती तर..."

दुसऱ्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. आणि नेमकी त्याच दुपारी मला बघायला मुलाकडची मंडळी येणार असल्याचं वडिलांनी सांगितलं. आबांपुढे बोलायची टाप नव्हती. आम्ही अकराच जणी, राखीव कुणी नाही. मी रडत वसतिगृहावर गेले. विजूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रडतीस काय खुळ्यागत? तुझा शर्ट दे हिकडं. मी खेळतो." कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो. मीही तेव्हा तसंच बोलायचे. यादीत माझं नाव आधीच गेलेलं होतं. त्या नावावर ती उतरली. कदमबाईंनी पंचांकडे पाठ केली आणि बुटाची नाडी बांधत बसल्या, असं पुढे शकूनं सांगितलं. शकू म्हणजे शकुंतला, आमची कॅप्टन.

आम्ही दोन विरुद्ध एक असे जिंकलो. दोन्ही गोल विजूचे. मी त्या वेळी साडी नेसून पोह्यांच्या बशा फिरवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी आली, 'कु. वंदना पोतनीस हिने केलेल्या दोन गोलांच्या जोरावर'. आबांनी ती मोठ्यानं वाचली, चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, परत चष्मा लावून परत वाचली.  मुलाकडच्यांनीही तोच पेपर वाचला असावा. काल दुपारी आपल्याला पोहे देणारी मुलगी त्याच दुपारी मैदानावर काय करत होती, हे कोडं त्यांना सुटलं नसेल... नकार आला. आबांनी मात्र ते कात्रण जपून ठेवलं. तीन वर्षांनी माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या घरचे आले, तेव्हा कपाटातून काढून दाखवलंसुद्धा! खरं काय ते मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक होतं. मुलीचं नाव एकदा पेपरात आलं, याचंच त्यांना अप्रूप असेल. मी गप्प राहिले. तिथून जी गप्प राहिले, ती राहिलेच.

लग्न होऊन पुण्याला आले. 'मी येतो'चं 'मी येते' झालं. पुढे शिरीषच्या नोकरीपायी ऑकलंडला आलो. इथे पहिल्याच वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीत, एका शाळेच्या हॉलमध्ये, प्रसादाच्या रांगेत मागून आवाज आला, "मी घेतो की वाढून, राहू दे." पुण्या-मुंबईच्या दोन-चार जणी हसल्या. मी मात्र वळायच्या आधीच ओळखलं. विजू! शहराच्या दक्षिणेला मनुरेवा उपनगरात राहत होती, हॉस्पिटलात नर्स. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी. आम्ही गळ्यात पडलो. आणि तेवढ्यात शिरीष तिथे आला आणि माझी कोल्हापूरची मैत्रीण म्हटल्यावर नेहमीच्या उत्साहानं सुरू झाला, "मग तुम्हाला माहीतच असेल, आमच्या हिनं फायनलला दोन गोल मारले होते!"  विजूनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग त्याला म्हणाली, "माहीत नसायला काय झालं? मी होतो की मैदानावर. दुसरा गोल तर असा होता, भावजी, अजून डोळ्यापुढं हाय." आणि तिथे उभ्या उभ्या, प्रसादाची बशी हातात धरून, तिनं तो गोल त्याला पावलापावलानं सांगितला. डावीकडून आत कशी वळली, गोलकीपर कुठल्या पायावर होती, सगळं. फक्त 'ही वळली', 'हिनं मारला' असं म्हणत. शिरीषला तो गोल त्या दिवसापासून आणखी चांगला सांगता यायला लागला.

नंतर मी गाडीपाशी तिला म्हटलं, "विजू, मला ते..." ती म्हणाली, "सोड की. नाव तुझं, पाय माझं." हसली आणि गेली. तिनं सोडून दिलं असं मी धरून चालले. मला ते सोयीचं होतं.

मग गेल्या वर्षी कॉलेजची वार्षिक स्मरणिका आली, कुणीतरी भारतातून आणलेली. त्यात 'आपल्या फुटबॉल संघाचे विस्मृतीत गेलेले हिरे' असा पाच पानी लेख होता. विजूनं तो माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वाचला. जुने गोलकीपर, जुने सेंटर फॉरवर्ड, फोटो, टोपणनावं. मुलींच्या टीमचा एक शब्द नाही. तिनं पानं उलटसुलट करून पाहिली, चिकटली आहेत की काय म्हणून. "विसरलेल्यांची यादी केली आणि त्यातबी आम्हाला विसरले," ती म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे गं, कुणाला पडलंय. तिला पडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनची कार्डं आणायची, सुट्टीच्या दिवशी वही घेऊन बसायची आणि कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, कुठे कुठे फोन लावायची. बायकांची आडनावं बदललेली, गावं बदललेली. एकीच्या सुनेनं "आमच्या सासूबाई असलं काही खेळत नव्हत्या" म्हणून फोन आपटला, तर पाठीमागून सासूच ओरडली, "अगं, थांब, कोण हाय त्ये!" हे सांगताना विजूच्या डोळ्यांतून पाणी यायचं, हसून. मी हसायचे आणि आतून धास्तावायचे. यादी पुरी झाली की त्या सामन्याचं काय लिहिणार ही?

उत्तर मला ती गेल्यावर मिळालं. दिवसकार्य झाल्यावर रेवतीनं वही आणून दिली. म्हणाली, "मावशी, आय कान्ट रीड हर रायटिंग. इज इट अबाउट यू?" अकरा नावं होती. प्रत्येक नावापुढे खेळायची जागा आणि दोन-तीन ओळी. माझ्यापुढे लिहिलं होतं, 'राइट हाफ. वाऱ्यासारखी पळायची. बॉल डोक्यावर घ्यायला भ्यायची. कधी रडी खेळली नाही.' खाली सामन्यांचे निकाल. शेवटी 'अंतिम सामना २-१. गोल' आणि पुढे कोरं. माझं नाव नाही, तिचंही नाही. त्याच्यासाठीच तिनं फोन केला होता आणि मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

मी शिरीषला त्याच दिवशी खरं सांगून टाकलं. "कोण, विजू? म्हणजे तू नव्हतीसच?" शिरीष आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "मी सव्वीस वर्षं लोकांना काय सांगत होतो मग?" थोड्या वेळानं म्हणाला, "आणि तिनं मलाच तो गोल समजावून सांगितला..." मग उठून मागचं गवत कापायला गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी कोऱ्या जागेत विजूचं नाव लिहिलं आणि सगळं कॉलेजला ईमेल केलं. आठवड्याभरात तिथल्या क्रीडा विभागातल्या एका तरुण प्राध्यापकांचं सभ्य उत्तर आलं. मुलींची नावं पुढच्या अंकात आनंदानं छापू, पण विजया माने या आपल्या विद्यार्थिनी नव्हत्या. त्या खेळल्या असं छापलं तर तो विजयच नियमबाह्य ठरेल. तेव्हा तो उल्लेख टाळावा, बाकीच्या भगिनींच्या दृष्टीनं तेच योग्य.

मी परत वही उघडली. म्हणजे तिनं ती जागा माझी लाज राखायला कोरी ठेवली नव्हती. निदान तेवढ्यासाठी नव्हती. खरं लिहिलं तर दहा जणींचा कप जात होता, खोटं लिहिणं तिच्याच्यानं होत नव्हतं. हे तिला माझ्याशी बोलायचं होतं... मग मी वहीतले नंबर काढून एकेकीला फोन लावले, विजूचं नाव घालू का विचारायला. फोनवर मी आपोआप 'मी बोलतो' म्हणत होते, ते शिरीषनं ऐकलं, मला कळलंसुद्धा नाही. दोघी या जगात नव्हत्या. एक म्हणाली, माझ्या नातवाला मी कप जिंकल्याचं सांगितलंय गं, पण तुमचं चालू दे. शकूनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "कप मागायला येणार हाईत का ते? येऊ देत. त्यो कुठं हाय ते तरी त्यांना ठावं हाय का? विजीचं नाव घाल. आमच्या सगळ्यांच्या वतीनं घाल."

मी कॉलेजला तसं परत कळवलं. अंक गेल्या आठवड्यात आला. अकरा नावं आहेत, शकूचा एक धूसर फोटोही आहे. अंतिम सामन्याचा उल्लेख नाही. विजूचं नाव नाही. म्हणून मी हे वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहिते आहे, इथे कुणाचे नियम आड येत नाहीत. त्या दुपारी आमच्या कॉलेजच्या मैदानावर दोन्ही गोल विजया माने हिनं केले. मी तिथे नव्हते.

परवाच्या शनिवारी रेवतीनं मला मनुरेवाला बोलावलं होतं, आईचे कपडे आवरायला. आवरून झाल्यावर म्हणाली, "कम, मावशी, आई दर शनिवारी जिथे जायची तिथे जाऊ." मला वाटलं देवळात. तर घरामागच्या पार्कात शाळेच्या मुलींच्या मॅचेस चालल्या होत्या. सामोअन, माओरी, पंजाबी, गोऱ्या, सगळ्या मुली चिखलात माखलेल्या. आईवडील घडीच्या खुर्च्यांवर कॉफी घेऊन बसले होते. एका टीमची कोच, थोराड बाई, रेवतीला पाहून पुढे आली, तिला छातीशी धरलं. मग मला सांगायला लागली, तुमची मैत्रीण कधी बसायची नाही. बॉल जाईल तिकडे रेषेच्या कडेनं ही चालायची, पूर्ण मॅचभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिनं हातानं दाखवलं. रेषेच्या बाहेर गवत दबून एक पट्टा पडला होता. तो एकट्या विजूच्या पायांचा होता असं मी म्हणणार नाही, लाइन्समनही तिथूनच पळत असणार.

"तुम्हीसुद्धा खेळायचात का तिच्याबरोबर?" कोचनं विचारलं.

"थोडंसं," मी म्हटलं. "ती फार चांगली खेळायची."

रेवतीनं माझ्यासाठी खुर्ची उघडली होती. बॉल उजवीकडे गेला, पोरी आरडाओरडा करत मागे धावल्या, आणि मी खुर्चीत न बसता त्या पट्ट्यावरून चालायला लागले.