स्कॅनच्या खोलीतली पूजा

देव, चमत्कार, भुतंखेतं... यातलं काहीच मी मानत नव्हते. लातूरला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते; पोरांनाही हेच सांगत आले, की कारणाशिवाय काही घडत नाही. हे लिहितेय ते कुणाला पटवायला नाही. आतल्या आत ठेवून थकले, म्हणून.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आईचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. नेहमीची औषधं लागू पडेनात, तेव्हा नांदेडच्या एका दवाखान्यात नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये तिला घेतलं. दर खेपेला डॉक्टर विचारायचे — उलटी? तोंड आलंय? झोप लागते? एकदा आई म्हणाली, "साहेब, लई भ्या वाटतंय. पूजेत मन लागंना." ते मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळले.

आम्ही लिंगायत, मूळचे निलंग्याचे. गळ्यातलं इष्टलिंग आईने कधीच उतरवलं नव्हतं; रोजची पूजाही ते डाव्या तळहातावर घेऊन, पाणी वाहून. पण एका खेपेला स्कॅन करायचा होता, आणि लिंगाची चांदीची डबी आत चालणार नाही, असं दवाखान्यातले म्हणाले.

"लिंग उतरलं की माणूस मेल्यातच जमा," ती पुटपुटली. मी समजूत घालून काढून घेतलं, पर्समध्ये ठेवलं आणि पर्स मांडीवर घेऊन दाराबाहेर बसले. भर दुपार होती.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर भस्माचे तीन ओले पट्टे होते. डावा तळहातही ओला.

"आत कोण आलं होतं?"

"कोण येतंय? मीच पूजा केली. लिंग हातावर होतं की."

टेक्निशियन गोंधळला. "मॅडम, हलू नये म्हणून त्यांचे हात पट्ट्याने बांधले होते."

मी पर्स उघडली. डबी तशीच बंद. झाकण काढलं, तर आतल्या लिंगाभोवतीचं कापड पाण्याने निथळत होतं... पर्स मात्र कोरडी ठणठणीत.

त्यानंतर मीसुद्धा आशा धरून बसले. एवढं घडलंय, म्हणजे आई वाचणार. रिपोर्ट आला — गाठी वाढलेल्या. ट्रायलमधून तिला काढलं. परतताना एसटीत मी चिडून म्हणाले, "आला होता ना तुझा देव? मग?"

खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली,

"बरं करायला आला न्हवता, माय. मला वाटलं, निदान भ्या तरी जाईल. न्हाई गेलं."

पाऊस पडायच्या आधीच ती गेली. शेवटपर्यंत घाबरलेली होती. माझं मनगट सोडत नव्हती.

त्या दुपारी काय घडलं, मला आजही सांगता येत नाही. आपल्याला भास झाला असेल, असं म्हणून बघते. त्यात निदान झोप तरी लागते. खरंच कुणी येऊन गेलं असेल, तर ते तिला तसंच सोडून गेलं... हे मला सहन होत नाही.