त्रेपन्न कोण?

संगणकाच्या आत काय चालतं हे समजलेली माणसं जळगावात पुष्कळ असतील, पण त्याप्रमाणे स्वतःचं घर चालवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि माझी पहिली नोकरी त्याच्याच हाताखाली झाली. सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही. मूळचे धुळ्याकडचे, राहायला जळगावात, घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस. केळी पिकवायच्या थंड खोल्यांमधल्या तापमानावर नजर ठेवणारे प्रोग्राम आम्ही लिहीत असू. नानांची श्रद्धा मात्र एकट्या कर्नेलवर. कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा. कुठलंही उपकरण जोडलं किंवा काढलं की ते आधी त्याला कळतं, आणि तो बाहेरच्या प्रोग्रामना निरोप पाठवतो: काय झालं, कुठे झालं आणि हा कितवा निरोप. एवढंच. "जास्तीची बडबड नाही," नाना म्हणत, आणि रंगात आले की अहिराणीत शिरत, "कर्नेल फक्त सांगस. करनं आपलं शे."

हीच पद्धत त्यांनी घराला लावली होती. दाराच्या आत खिळ्याला एक पाटी टांगलेली. येणाऱ्याजाणाऱ्याने पाटीवरचा आकडा पुसून पुढचा लिहायचा आणि मग मोठ्याने तो आकडा, आलो की गेलो, आणि कुठे, हे सांगायचं. दूधवाले भाऊ दारातूनच आरोळी ठोकत, "एकावन्न, दूध आलं, स्वयंपाकघर!" भाजीवाल्या मावशी म्हणत, "बावन्न, मेथी आली, मागचं दार. आणि मेथी कोवळी शे, ते तुमच्या पाटीत बसत नाही म्हणून वेगळं सांगते." वीज जाऊन आली की संगणकाप्रमाणे पाटीही पुन्हा एकपासून सुरू होई, त्यामुळे उन्हाळ्यात आकडा फारसा वाढत नसे. नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्यांनी हे सगळं मनाला लावून न घेता स्वीकारलं होतं. नाना कामातून उठले नाहीत की आतून आवाज येई, "तुम्हना कर्नेलले सांगा, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी!" नाना तात्काळ उठत, कारण हा निरोप होता, प्रश्न नव्हता. त्यांना राग होता तो सारखं विचारण्याचा. धुळ्याहून मुलगा रोज संध्याकाळी फोन करून "जेवलात का?" म्हणे, तर हे त्याला सुनावत, "अरे, दर पाच सेकंदांनी 'आलं का, आलं का' विचारणारा प्रोग्राम आणि तू, एकाच वर्गातले. नाही जेवलो तर कळवेन ना!"

या व्यवस्थेत एकच खोट होती, ती म्हणजे मी. मी इंग्रजी शाळेत वाढले, मागच्या बाकावर, न बोलता. सकाळी येऊन मी पाटीवर आकडा इमानदारीने लिहीत असे, पण आरोळी काही घशातून निघत नसे. मग मी गुपचूप मॉनिटरच्या मागे जाऊन बसे. नाना आतून बावन्न ऐकत, मग चोपन्न ऐकत, आणि हातातलं काम टाकून बाहेर येत. "त्रेपन्न कोन शे? मधला निरोप कुठे गेला?" ते कपाटामागे बघत, अंगणात बघत. मी कान लाल करून टाइप करत राहायचे.

मग मुक्ताईनगरकडचं काम आलं. सहा खोल्या, प्रत्येकीत एक सेन्सर, आणि सगळा प्रोग्राम मी एकटीने लिहिलेला. उष्णता वाढली की भोंगा वाजायचा. महिनाभर छान चाललं. मग एके दुपारी वीज गेली, आली, संगणक पुन्हा सुरू झाला, आणि भोंगा वाजलाच नाही. एका खोलीतली केळी मऊ पडली. खोल्यांचे मालक, आबा, आम्हाला बघताच म्हणाले, "नाना, हा पोरखेळ काढा इथून. माझा जुना माणूस थर्मामीटर घेऊन फिरायचा, तोच बरा." माझ्या पहिल्या कामाचा हा शेवट, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. पडद्यावर माझा प्रोग्राम निवांत लिहीत होता: एकही सेन्सर जोडलेला नाही.

नानांनी पडद्यावरची ओळ वाचली. मग हळूच मला म्हणाले, "सेन्सर कव्हय उनात? आणि तू ऐकाले कव्हय बसनी?"

सेन्सर केव्हा आले आणि मी ऐकायला केव्हा बसले? तेवढ्यावर मला कळलं. पहिल्या दिवशी प्रोग्राम चालू असताना आम्ही सेन्सर जोडले होते, या वेळी ते आधीच जोडलेले होते. संगणक सुरू होताना कर्नेलने सहाही निरोप दिले होते, पण तेव्हा माझा प्रोग्राम जागाच झाला नव्हता. तो उठला, कान लावून बसला, आणि नवीन कुणी आलं नाही म्हणून समजला की घरात कुणीच नाही. आधी ऐकायला बसायचं आणि लगेच, जे आधीच आलेत त्यांचे निरोप पुन्हा द्यायला सांगायचं, एवढंच राहिलं होतं. चार ओळी. त्या लिहिल्या, पण आबांना सांगायचं कुणी? मी नानांकडे बघितलं. नाना केळीच्या घडाकडे बघत होते. शेवटी मीच म्हणाले, "आबा, चूक माझी होती. दुरुस्त केली. तुम्ही मेन स्विच बंद करून बघा." आरोळी नव्हे, पण आवाज निघाला. आबांनी स्वतः स्विच पाडला, थोड्या वेळाने चढवला. पडद्यावर एक, दोन, तीन करत सहाही सेन्सर उगवले. आबांनी आणखी दोनदा पाडून बघितला. मग म्हणाले, "राहू द्या. पण थर्मामीटरवाला पण राहील." जीपमध्ये बसल्यावर नाना म्हणाले, "आज सांगितलंस. बरं वाटलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरातही दुरुस्ती केली. सकाळी खुर्चीत बसताच ते मोठ्याने म्हणत, "जे आधीच आलेत, त्यांनी पुन्हा सांगा!" खोलीत फक्त मी असायचे. मॉनिटरमागून मी म्हणायचे, "मी आहे, नाना." अक्का आतून ओरडत, "ती एकटीच तर शे! बठ्ठा गावले काय इचारतस?"

अक्का गेल्यावर मुलगा नानांना धुळ्याला घेऊन गेला. ऑफिस आता मी सांभाळते. आबांच्या खोल्या अजून आमच्याकडे आहेत, थर्मामीटरवालाही आहे. मागच्या महिन्यात नानांना भेटायला गेले. त्यांना आता कमी ऐकू येतं. ते खुर्चीत डुलक्या घेत होते आणि सवयीप्रमाणे मी गुपचूप स्टुलावर बसले. त्या घराच्या दाराला पाटी नव्हती. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे न उघडताच मान वर केली आणि अख्ख्या खोलीला म्हणाले, "जे आधीच आलेत, त्यांनी पुन्हा सांगा."

आकडा कितवा द्यावा? मग आठवलं, नवीन घर, नवीन सुरुवात.

"एक!" मी ओरडले. "मी आले! तुमच्याजवळ!"

इतक्या मोठ्याने, की स्वयंपाकघरातून सून पळत बाहेर आली. नाना मात्र अजिबात दचकले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, एक निरोप नीट पोचल्यासारखी.