उपरण्याखालचा सौदा

आई गेल्यावर दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी गंगापूरकडच्या शेतावरून माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादांनी मात्र आपली पिशवी उघडलीच नाही. घोंगडी पिशवीत, पिशवी दाराशी, आणि रोज सकाळी एकच वाक्य, "आज जातो गावाकडं." आम्ही नवराबायको ऑफिसात, मुलगी कॉलेजात. एखाद्या संध्याकाळी येऊन पाहावं तर पिशवीही नाही आणि दादाही नाहीत, ही धास्ती घेऊनच मी रोज कुलूप उघडायचो.

उपाय मुलीने काढला. कुत्रं आणू. शेतावर जन्मभर कुत्र्यांत राहिलेला माणूस, रमेल. जात कोणती, याचा अभ्यास मी अंगावर घेतला. भरपूर अभ्यास करून चुकीचा निर्णय घेणं, ही आमच्या घरात माझी जुनी ख्याती. पॉमेरेनियन फार भुंकतो, आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तो हक्क दुसऱ्या कुणाला द्यायचा नसतो. पगचं नाक चपटं, इथल्या उन्हाळ्यात त्याला धाप लागणार. शिवाय तो घोरतो. उरला शिट्झू. शांत, केस फारसे गळत नाहीत, फक्त अधूनमधून पार्लरला न्यावं लागतं.

"कुत्र्याला न्हावी?" दादा म्हणाले. "आन ते राखण काय करील?"

"तिसऱ्या मजल्यावर काय राखायचंय, दादा?"

"मंग मला कामून ठिवलंय?"

बायको हसू दाबायला स्वयंपाकघरात गेली.

सिडकोत एक निवृत्त साहेब घरी पिल्लं वाढवून विकायचे. रविवारी दुपारी मी, मुलगी आणि दादा तिकडे गेलो. दादा धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, अशा बैलबाजाराच्या थाटात. साहेबांनी पिल्लं सोफ्यासमोर सोडली. दादांनी शिट्झूचं तोंड उघडून दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जरा चालवून दाखवा." ते थोडं चाललं आणि आपल्याच केसांत अडखळलं. ते केस जणू मीच वाढवले असावेत, असं दादांनी माझ्याकडे पाहिलं.

मी साहेबांशी लसींचं बोलत होतो, तेवढ्यात एक पग येऊन दादांच्या पावलावर डोकं टाकून झोपला आणि घोरायला लागला. साहेब ओशाळले. "एवढा दोष आहे बघा त्याच्यात. आधी सांगितलेलं बरं." दादांनी पाय हलवला नाही. चहाचा कप टीपॉयवर लांब होता, वाकले तर पाय हलला असता. चहा तसाच निवला.

मग त्यांनी साहेबांना जवळ बोलावलं, हातावर उपरणं टाकलं आणि त्याखाली साहेबांचा हात धरला. बाजारात बैलाचा सौदा असाच होतो, बोटं दाबून, शेजारच्याला भाव कळू न देता. साहेबांना वाटलं, गावाकडची माणसं अशीच हात मिळवत असतील. त्यांनी प्रेमाने हात दाबला, वर हलवलाही.

"झाला सौदा," दादा म्हणाले. "ह्यो न्यायचा."

आपण काय कबूल केलं, हे साहेबांना कळलेलं नव्हतं. पण इतक्या प्रेमाने हात हलवल्यावर नाही म्हणायची सोय उरली नव्हती. पैशांचं मी दाराबाहेर गुपचूप मिटवलं.

गाडीत मी म्हणालो, "दादा, मी शिट्झू ठरवला होता. हा घोरतो."

"व्हय. म्हणून तर." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुझी माय लई घोरायची. तो आवाज नसला की मला झोप लागत नाय."

माझ्या अभ्यासात हे पगच्या दोषांमध्ये होतं.

कुलरची हवा बाधते म्हणणारे दादा आता पगसाठी भर दुपारी कुलर लावून बसतात. दोघंही घोरतात. घरात कसलं मशीन बसवलंय, असं सेक्रेटरी विचारून गेले. पिशवी अजून दाराशीच आहे, पण रिकामी; घोंगडीवर पग झोपलेला असतो. दादा सकाळी त्याच्याकडे बघत चहा पितात.

"आज जातो गावाकडं," ते म्हणतात. "हे उठलं की."