आठ दिवस फोनशिवाय

आम्ही बहिणी बंगालमध्ये, पत्रकांवर वाढलो. बाबा बँकेतल्या युनियनची पत्रकं लिहायचे आणि घरात त्यांचा एकच कडक नियम होता: पत्रकात लोकांना जे करायला सांगायचं, ते लिहिणाऱ्याने आधी करून दाखवायचं. तंबाखूविरुद्ध लिहिलं तेव्हा त्यांनी स्वतःची डबी आधी गंगेत टाकली होती.

गेल्या वर्षी मी कॉलेजच्या मुलांसाठी बंगालीत पत्रक छापून आणलं. ‘फोन हातात नसला की कासावीस होणारी माणसं मनाने दुबळी असतात,’ ही त्यातली पहिली ओळ. बाबांनी गठ्ठ्याची सुतळी सोडूच दिली नाही.

“आठ दिवस फोनशिवाय राहा. मग पत्रकं वाट.”

मी फोन धाकट्या बहिणीकडे दिला. ती बुजरी, बाथरूममध्येही फोन नेणारी. ती ओळ मला तिच्यावरूनच सुचली होती.

“ताई, तुझ्याकडून नाही होणार.”

“तू गप्प बस आणि लपव.”

तिसऱ्या दिवशी एस्प्लनेडच्या मेट्रो स्टेशनात मांडीवर फोन थरथरल्यासारखा वाटला. खिसा रिकामा होता. फोन बहिणीकडे देण्याआधी मी नेटवर एक जळजळीत लेख टाकला होता. कोण काय म्हणालं असेल? शेजारच्या बाईंना म्हटलं, आई आजारी आहे, जरा फोन देता? आणि त्यांच्या फोनवर माझ्याच लेखाखालच्या प्रतिक्रिया वाचत बसले. माझ्यासाठी त्यांनी आलेली गाडी सोडली.

“आई बरी आहे ना?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

संध्याकाळी घरी सगळं सांगून टाकलं.

“मला एकटी पडायची भीती वाटते,” बहीण म्हणाली. “तुला लोक विसरतील याची. आता सांग, दुबळी कोण?”

“गठ्ठा रद्दीत घालू?” बाबांनी विचारलं.

“नाही. ती ओळ खोटी आहे. बाकीचं खरं आहे.”

आम्ही दोघींनी प्रत्येक पत्रकावरची ती ओळ पेनने खोडली. शेजारी मी लिहिलं: ‘मी तीन दिवसांत हरले, आणि एका अनोळखी बाईंशी खोटं बोलले.’ मग आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या दिवशी रडलेसुद्धा, पण फोन मागितला नाही.

नवव्या दिवशी सकाळी एस्प्लनेडला उभी राहिले. एका मुलीने पत्रक घेतलं, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

“इथे काय होतं?”

मी सांगितलं.