नाक्याचं नाक बंद पडलं तो दिवस

आमच्या धाकट्या भावाला सगळे नाक्या म्हणायचे. अहो, नाक कसलं, नुसतं तिखट! फाटकातून आत येतानाच सांगायचा, "अक्का, दूध उतू गेलंय." मी म्हणायची, "मेल्या, मग धावत ये की, उभा राहून वास काय घेतोस!"

तेव्हा आमच्याकडे जमिनीत तेल लागायला नुकतीच सुरुवात झाली होती. वर आलेला चिखल बोटांवर चोळून नाक्या हुंगायचा आणि खाली तेल आहे की नाही ते सांगायचा. भलेभले मालक त्याच्या नाकापुढे हात जोडून उभे राहायचे. मग काय, साहेबांच्या डोक्यात हवा गेली. मधल्या भावाला सोबत घेऊन यानं स्वतःचीच तेलाची विहीर खणायला घेतली.

शंभर पावलांवर एका ठेकेदाराचा तेल ओढायचा मनोरा. जमिनीखालचं तेल एकच. जो आधी ओढेल त्याचं. नाक्याला जेवण गोड लागेना.

त्या दुपारी मी दोघांचा डबा घेऊन गेले, तर सडक्या अंड्यासारखी घाण सुटलेली. म्हातारा मिस्त्री ओरडत होता, "सगळे वारा येतोय त्या बाजूला या! विषारी वायू आहे!" तेल वर सोडायच्या व्हॉल्व्हचं चाक आमच्या मनोऱ्याखालच्या खड्ड्यात होतं. नाक्या काठावर वाकून हुंगत होता. घटकाभरानं म्हणाला, "गेला वास. दादा, उतर आणि चाक फिरव."

मिस्त्री नको नको म्हणत होता. पण मधला हसला, "अहो, याचं नाक कधी चुकलंय का?" मिस्त्रीनं जबरदस्तीनं त्याच्या कमरेला दोर बांधला म्हणून बरं. शिडीच्या चौथ्या पायरीवरून तो पोत्यासारखा खाली पडला.

ओढून काढला तेव्हा ओठ निळे. मिस्त्री त्याची छाती दाबत होता. आणि नाक्यानं काय विचारावं? "चाक फिरवलं का त्यानं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तेवढ्यात हा स्वतःच शिडीकडे निघाला! मी मागून त्याच्या झिंज्या धरल्या आणि फरफटत लांब ओढला.

"अक्का सोड! तो पलीकडचा सगळं ओढून नेईल!"

"अरे, तुझा भाऊ मरतोय!"

"तो घसरला गं! खाली काही नाहीये, वास कुठे येतोय?"

मिस्त्री तिकडूनच ओरडला, "बाई, हा वायू आधी नाक मारतो, मग माणूस!"

कोपऱ्यात रॉकेलनं भिजलेलं फडकं पडलं होतं. मी ते उचलून त्याच्या नाकावर दाबलं. "सांग, कसला वास आहे?"

"कसलाच नाही. बघ, मी म्हटलं नव्हतं..."

आणि त्याची नजर फडक्यावर गेली. हातातून ते हिसकावून त्यानं हुंगलं. परत हुंगलं. तोंडात कोंबून चावलं.

तिकडे मधल्याला जोरात खोकला आला. तेव्हा कुठे नाक्यानं वळून आपल्या भावाकडे बघितलं.